भाचीचा स्टँड-अप आणि घरचे चौदा जण

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाची पुण्यात नोकरी करते आणि संध्याकाळी स्टँड-अप, म्हणजे एकटीनं माइकसमोर उभं राहून लोकांना हसवणं, ओपन माइकवर करते. ओपन माइक म्हणजे नवख्यांनाही थोडा वेळ माइक मिळतो असा कार्यक्रम. कोल्हापुरातल्या एका कला महोत्सवात तिला लागोपाठ दोन संध्याकाळी बारा-बारा मिनिटं मिळाली आहेत. आजी धरून घरचे चौदा जण जाणार. तिचे मामा विचारतात की बसायचं कुठं, हसायचं किती, ती आमच्यावरच बोलणार आहे म्हणे त्याचं काय, आजीला न्यावं का, संपल्यावर तिला काय सांगायचं, आणि दोन्ही दिवस जावं का.

मी बरीच वर्षं असे कार्यक्रम लावतो, होस्टिंग करतो आणि माइक घेऊन स्वतःही उभा राहतो. कलाकाराच्या घरचे मला दारातच ओळखू येतात. लग्नाला आल्यासारखे कपडे, हातात पाण्याच्या बाटल्या, आणि चेहऱ्यावर दहावीच्या निकालाचं टेन्शन.

मामा, एक गोष्ट आधीच सांगतो. तुम्ही चौदा जण त्या दिवशी प्रेक्षक नसणार. प्रेक्षक विनोद ऐकतो, घरचा माणूस तपशील तपासतो. भाची म्हणेल, "आमच्या मामानं बुलेट घेतली आणि पहिल्याच दिवशी रंकाळ्यावर चक्कर मारायला गेला..." तेवढ्यात शेजारून मामी कुजबुजतील, "बुलेट कुठली? स्प्लेंडर होती की. आणि रंकाळा नव्हं, कळंब्याला गेलतासा." मामींचं हे वाक्य संपेपर्यंत पंच, म्हणजे हसवणारं वाक्य, होऊन गेलेला असतो, आणि आजूबाजूच्या तीन खुर्च्यांना तो ऐकूच आलेला नसतो.

बुलेट का, तर नावातच आवाज आहे. रंकाळा का, तर तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लगेच उभा राहतो, कळंब्यासाठी अर्धं सेकंद जास्त लागतं. विनोदात ते अर्धं सेकंद महाग पडतं. स्टेजवरचा 'मामा' म्हणजे तुम्ही, तिचे वडील, पुण्यातला घरमालक आणि कदाचित ऑफिसातला एखादा मॅनेजर यांचा मिळून केलेला एक माणूस असतो. चार जणांची ओळख करून द्यायला बारा मिनिटांत वेळ नसतो, म्हणून चौघांचे उद्योग एकाच्या नावावर चढतात. त्यात तुमचं नातं सगळ्यात सोयीचं, कारण 'मामा' म्हटलं की प्रेक्षकाला आणखी काही सांगावं लागत नाही.

एकपात्री प्रयोग आपल्याला नवे नाहीत. पु. ल. देशपांड्यांनी एकट्यानं रंगमंच भरून दाखवला त्यालाही साठ वर्षं होऊन गेली. त्याच्या कितीतरी आधीपासून तमाशात गण-गवळण झाली की बतावणी व्हायची, आणि सोंगाड्या समोर बसलेल्या पाटलालाच धरायचा. पण तिथं पात्रं होती. सोंगाड्या सोंगात आहे हे सगळ्यांना दिसत होतं. स्टँड-अपमध्ये पोरगी जीन्स-कुर्त्यात येते आणि सरळ म्हणते, "मी, माझी आई, आमचं घर." सोंग असतंच, फक्त दिसत नाही. घरच्यांची पंचाईत होते ती इथं.

आता याच्या उलटा घोळ. तुम्हाला किस्सा माहीत असतो, म्हणून तुम्ही लवकर हसता. विनोदाचे दोन भाग असतात. पहिला सेटअप, ज्यात ऐकणाऱ्याला एका दिशेनं चालवत न्यायचं. दुसरा पंच, जिथं ती दिशा मोडायची. हशा ओसरायच्या आत आणखी एक छोटं वाक्य टाकून त्यावर दुसरा हशा घेतला तर तो टॅग. आणि सुरुवातीला सांगितलेली एखादी गोष्ट शेवटाकडे अचानक परत आणली की कॉलबॅक. भाची "त्या वर्षी आम्ही जोतिबाला निघालो होतो" एवढंच म्हणते, हा सेटअप. पण जोतिबाच्या वाटेवर काय झालं ते तुम्हाला पाठ असल्यामुळे तुमची अख्खी रांग तिथंच फुटते. समोरच्या अनोळखी दोनशे माणसांना वाटतं, विनोद झाला वाटतं, आपल्याला कळला नाही. मग खरा पंच येतो तेव्हा ती सावध झालेली असतात आणि सावध माणूस हसत नाही. त्याहून वाईट म्हणजे शेजाऱ्याला कोपर मारून "आता बघा, पुढं मजा हाय" असं सांगणारे काका. असे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना कडेची खुर्ची द्या.

आता बसायचं कुठं. पहिल्या तीन रांगांत नको. स्टेजवरचे दिवे तोंडावर असले की समोर अंधार दिसतो, पण पहिल्या दोन-तीन रांगांवर उजेड सांडलेला असतो आणि तेवढेच चेहरे कलाकाराला दिसतात. तिथं तिची आई ओठ हलवत तिच्याबरोबर वाक्यं म्हणत असेल, किंवा वडील हाताची घडी घालून बसले असतील, तर ती सेट, म्हणजे बसवून आणलेली बारा मिनिटं, तिथल्या तिथं बदलायला लागते. वडिलांचं तोंड बघून वाक्य गिळलेले कलाकार मी पाहिलेत, आणि ते वडील घरी जाऊन म्हणाले होते की त्यांना तर सगळं आवडलं होतं. मागच्या अर्ध्यात बसा, मधल्या वाटेपासून थोडं बाजूला.

आणि चौदा जण एका ओळीत बसू नका. ही गोष्ट घरच्यांना पटत नाही, पण होस्ट म्हणून मला सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो. चौदा खुर्च्यांचा एक गठ्ठा वेगळ्या वेळी हसतो, वेगळ्या वेळी गप्प होतो, आणि बाकीच्या सभागृहाला तो खटकतो. दोघं-दोघं, तिघं-तिघं विखरा. तुमच्या शेजारी अनोळखी माणूस असेल असं बघा. त्याचा उपयोग पुढं सांगतो.

पुढच्या रांगा मात्र रिकाम्या राहू देऊ नका, आणि कोल्हापुरात त्या हमखास रिकाम्या राहतात. कारण तुम्हाला माहीत आहे. तिथं प्रमुख पाहुण्यांचे सोफे असतात. दीपप्रज्वलन होतं, फेटे बांधले जातात, शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात, आणि पहिला कार्यक्रम अर्धा झाला की पाहुणे पुढच्या उद्घाटनाला निघून जातात. उरतात रिकामे सोफे आणि त्यांच्यापुढचा पाण्याच्या बाटल्यांचा टीपॉय. विनोदी कलाकारासाठी यासारखी वाईट जागा नाही. हसू हे शेजारच्या माणसाकडून लागतं, आणि पहिल्या माणसापर्यंतच पंधरा फुटांची दरी असेल तर ते स्टेजवरून खाली उतरतच नाही. भाचीचं नाव पुकारायच्या आधी स्वयंसेवकांना सांगून कॉलेजची पोरं पुढं बसवता आली तर बसवा. तुमच्या चौदा जणांच्या हशापेक्षा ही मदत मोठी आहे.

महोत्सव आणि क्लब यांत हाच फरक. क्लबात माणूस तिकीट काढून विनोदासाठीच येतो, छत बुटकं, खुर्च्या खेटून. महोत्सवात तो पोराबाळांना घेऊन, चित्रांचे स्टॉल बघत, हातात भेळेचा पुडा घेऊन येतो आणि स्टेजवर जे चालू असेल ते बघतो. मैदानात हशा वर उडून जातो, परत कलाकारापर्यंत येत नाही. तुम्हाला खाली बसून 'बरे हसत होते की' वाटेल आणि तिला वर शांतता ऐकू आलेली असेल. एडिनबराच्या फ्रिंज महोत्सवाची सुरुवात 1947 मध्ये न बोलावता आलेल्या आठ नाटक कंपन्यांनी केली आणि आज तिथं स्टँड-अपची रेलचेल असते. तिथला कलाकार आपला स्वतंत्र खोलीतला खेळ लावतो, प्रेक्षक शोधत येतो. आपल्याकडे स्टँड-अप अजून बऱ्याचदा दोन नाचांच्या मधे, स्टेजवरची वाद्यं हलवेपर्यंत घातला जातो. हलगी-घुमक्याच्या दणक्यानंतर एक पोरगी एकटी बोलायला उभी राहिली तर पहिली दोन मिनिटं लोकांचे कान जाग्यावर यायला जातात. तिचा पहिला विनोद पडला तर तो याच कारणानं पडला असण्याची शक्यता मोठी आहे. तिथं पोरीकडे दयेनं बघू नका.

वेळेचंही तसंच. छापील पत्रिकेतल्या वेळेवर जाऊ नका, आधी जा. भाषणं लांबली की कात्री शेवटच्या कलाकारांवर चालते, कारण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री 10 ला बंद व्हावा लागतो. वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त 15, सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमचा महोत्सव त्या दिवसांत बसेलच असं नाही. बारा मिनिटांची सात झाली तर तिला उभ्या-उभ्या सेट कापावा लागेल. ते तिला येत असेल, काळजी नको. फक्त घरी ऐकलेला किस्सा आज का नाही घेतला म्हणून मागून ओरडू नका.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाबद्दल दोन शब्द, कारण पुण्यात तयार झालेल्या कलाकाराला तो चकवतो. शाहू महाराजांनी एका बाजूला खासबागचं कुस्ती मैदान आणि त्याला लागूनच 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभं केलं, तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं तेव्हा नाटकाला कधी न गेलेली माणसंही रस्त्यावर उभी राहून रडत होती. असा हा प्रेक्षक. जीव लावतो, पण आधी पारखतो. पहिली तीन मिनिटं हाताची घडी, मान किंचित तिरकी. आवडलं की मात्र मागून "नाद खुळा!" अशी आरोळी येते आणि मग थांबत नाही.

त्याला चालत नाही ती एक गोष्ट: कोल्हापूरबद्दलचं पुणेरी मटेरियल. तांबडा-पांढरा, शिव्या, मिसळीचा कट, "मी आलो, मी गेलो" म्हणणाऱ्या पोरी, यावर पुण्यात हमखास हशा येतो, कारण तिथं ते वेगळं वाटतं. इथं सगळेच तसं खातात आणि बोलतात. त्यात गंमत काय, असं तोंड करून लोक बघत राहतात. उलट पुण्यातल्या पेइंग गेस्टचे नियम, चितळ्यांच्या दुकानापुढची रांग, पाहुण्याला "चहा घेऊनच आला असाल" म्हणणारं घर, यावर इथं छप्पर उडेल. भाचीला हे माहीत नसेल तर आठवडाभर आधी फोन करून सांगा. घरच्यांनी देण्यासारखा हा एकच सल्ला आहे. विनोद कसा सांगायचा ते सांगू नका, गाव कसं आहे ते सांगा.

त्याच फोनवर दुसरं बोलणं उरका: आमच्यावर काय आहे? अख्खा सेट वाचून दाखव म्हणू नका. कागदावरचा स्टँड-अप रेशनच्या यादीसारखा दिसतो आणि तुम्ही उगीच घाबराल. फक्त घरच्या कुणाकुणावर आहे एवढं विचारा. चार गोष्टी काढायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे, असं माझं मत: कुणाचं आजारपण, पैशाचा किंवा जमिनीचा वाद, ठरत असलेली सोयरीक, आणि तिसऱ्या माणसाचं खरं नाव. भावकीतला एखादा प्रसंग असेल तर नाव आणि गाव दोन्ही बदलायला सांगा, विनोदाचं काही बिघडत नाही. बाकी तुमचं घोरणं, वडिलांचा कंजूषपणा, आईची सिरियल, हे तिचं आहे. ती त्या घरात वाढली आहे, ते तिच्याही वाट्याचं आहे.

आणि हे आधीच. कार्यक्रमाच्या दिवशी मेकअप रूममध्ये जाऊन "ते आत्याचं तेवढं घेऊ नको हं" असं सांगणारे नातेवाईक मी दारातून परत पाठवतो. तिनं तिसऱ्या मिनिटाला आत्या आणलेली असते ती अकराव्या मिनिटाच्या कॉलबॅकसाठी. आत्या काढली की शेवट कोसळतो. शिवाय आयोजकांनी संहिता आधी मागून घेतली असेल तर ऐनवेळचे बदल तिला त्यांनाही सांगावे लागतात. महाराष्ट्रात रंगमंचावरची संहिता आधी तपासणारं परिनिरीक्षण मंडळ आहे, त्यामुळे कागद मागणारे आयोजक भेटतात.

मोबाइलवर शूटिंग नको. फोटो काढा, तेही शेवटी. कुणीतरी वीस सेकंदांची क्लिप भावकीच्या ग्रुपवर टाकतं, त्यात पंच असतो पण सेटअप नसतो, आणि सकाळी गडहिंग्लजहून चुलतकाकांचा फोन येतो की पोरीनं आईला असं बोलावं का. वर ते मटेरियल बाहेर फिरलं की तिला पुढं वापरता येत नाही. तिचं रेकॉर्डिंग ती स्वतः करत असते, बहुतेक फोन स्टेजजवळच कुठंतरी उभा केलेला असतो.

आजीला न्या. जरूर न्या. घरच्यांना वाटतं आजीला धक्का बसेल. माझ्या पाहण्यात धक्का बसतो तो मधल्या पिढीला, म्हणजे तुम्हा-आम्हाला. आजीच्या पिढीनं जत्रेतला तमाशा ऐकलाय, लग्नात विहिणींनी एकमेकींची काढलेली उणीदुणी गाण्यांत ऐकलीत, स्वतः हादग्याला फेर धरून सासरच्या सगळ्या माणसांची नावं घेऊन टर उडवलीय. नातीनं सासू-सुनेवर काही बोललं तर आजीला त्यात ओळखीचंच काहीतरी सापडेल. तिची खरी अडचण वेगळी आहे: वेग. ही पोरं भरभर बोलतात, मधे इंग्रजी येतं, प्लास्टिकच्या खुर्चीत पाठ दुखते. तिला स्पीकरच्या समोर नको, थोडं तिरकं बसवा, आणि शेजारी असा माणूस द्या जो प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगत बसणार नाही. एखादा शब्द जड आला तर जड आला. शिवी आली आणि आजीनं तोंडाला पदर लावला तर समजा ती हसतेय.

तुम्ही किती हसायचं? येईल तेवढं. आणलेलं हसू स्टेजवर ओळखू येतं. ते पंचच्या नेमकं नंतर, एकसारख्या लांबीचं आणि एकाच कोपऱ्यातून येतं. त्यावर कलाकार विसंबली की पुढच्या गावात तोच विनोद घेऊन पडते. प्रत्येक वाक्याला टाळ्या तर अजिबात नकोत, टाळ्यांनी लय तुटते.

कुणी मधे ओरडलं तर? ओरडेल. "आवाज येत नाही" पासून "गाणं म्हण" पर्यंत काहीही. तुमच्या पेठेचं रक्त उसळेल, उठून "कोण रं त्यो?" म्हणावंसं वाटेल. बसून राहा. माइक तिच्या हातात आहे, आवाज तिचा मोठा आहे, आणि ओरडणाऱ्याला एका वाक्यात गप्प करणं हा तिच्या कामाचाच भाग आहे. तुम्ही उठलात की विनोदाचा कार्यक्रम संपून भांडणाचा सुरू होतो आणि सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतात. खरोखर कुणी स्टेजकडे चालत निघालं तर ते आयोजकांनी बघायचं.

सेट पडूही शकतो. बारा मिनिटं शांतता. हे सगळ्यांचं होतं, नाव झालेल्यांचंही, आणि महोत्सवात जास्त होतं. तेव्हा खाली मान घालून मोबाइल बघू नका, तिच्याकडे बघत राहा.

संपल्यावर लगेच विंगेत धावू नका. पंधरा-वीस मिनिटं तिला एकटं किंवा बाकीच्या कलाकारांबरोबर सोडा. तेव्हा ती एकतर हवेत असते किंवा जमिनीखाली, दोन्हीकडून तुमचं बोलणं तिला ऐकू येत नाही. मग भेटल्यावर "छान झालं" म्हणा हवं तर, पण तिच्या कामाचं काय ते सांगतो. आता तो शेजारचा अनोळखी माणूस उपयोगी पडतो. कार्यक्रमभर थोडं लक्ष त्याच्याकडे ठेवा. "माझ्या शेजारी एक पोक्त गृहस्थ होते, ते घरमालकाच्या किश्शावर पोट धरून हसले, पण ते ऑफिसचं काहीतरी होतं तिथं त्यांनी बायकोला काय म्हणाली म्हणून विचारलं." हे ऐकून ती वही काढेल. मागच्या रांगेत काय झालं हे तिला स्टेजवरून दिसत नाही आणि रेकॉर्डिंगमध्येही सापडत नाही. चौदा जण चौदा कोपऱ्यांत बसलात तर चौदा कोपऱ्यांची खबर तिला मिळेल.

सांगायच्या नाहीत अशा गोष्टी: "हा एक जोक घे, लई भारी आहे", "अजून थोडं सुधारलं पाहिजे", "नोकरी सांभाळून करतेस ना?" आणि "किती दिले?" शेवटचा प्रश्न तर त्या रात्री अजिबात नको. त्याऐवजी जेवायला न्या, कारण बहुतेक कलाकार आधी काही खात नाहीत. गंगावेशीतला दूध कट्टा उघडा असेल तर तिथं उभ्यानं एकेक पेला धारोष्ण दूध घ्या. पुण्यात राहिल्यावर पोरांना त्याचीच आठवण येते.

दोन्ही दिवस जावं का? पहिल्या दिवशी सगळे जा. दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटेच जा, आणि तिला आधी सांगू नका. किस्से माहीत झालेले असल्यामुळे तपशील तपासायचं काम उरणार नाही, मग ती काय करते ते दिसायला लागेल: कुठं थांबते, कुठला शब्द बदलला, पडलेल्या जागी काय नवीन घातलं. आणि एक गोष्ट नक्की दिसेल. काल "अरे, हे आत्ता सुचलं मला" म्हणून जे वाक्य ती बोलली होती, ते आजही तिथंच, तसंच, आत्ताच सुचेल. घरी जाऊन कुणाला सांगू नका. विशेषतः मामींना.